ही सायकल किती जुनी? कोणी बनवली?

जुन्या वाड्याच्या पडवीत, शेतावरच्या गोठ्यात किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत एखादी काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची सायकल हमखास सापडते. "ही इंग्रजांच्या काळातली", "शंभर वर्षे झाली हिला" अशी माहितीही सोबत मिळते. ती खरी असू शकते. पण ती खरी आहे की नाही, हे ठरवायचे कसे? सायकलीला जन्मदाखला नसतो. तिच्यात किरणोत्सारी कार्बन मोजण्यासारखे काही नसते आणि असते तरी ऐंशी-नव्वद वर्षांच्या वस्तूसाठी त्या पद्धतीचा फारसा उपयोग झाला नसता. मग आपल्या हाती उरते ती एकच गोष्ट : समोरची वस्तू नीट पाहणे आणि पाहिलेल्यावरून काळजीपूर्वक अनुमान काढणे.

हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे. पुराव्यावरून किती म्हणता येते आणि किती म्हणता येत नाही, याचा इतका स्वस्त आणि हाताशी असलेला धडा आम्हाला दुसरा माहीत नाही.

वय नेमके कशाचे?

सुरुवात प्रश्नापासूनच करू या. 'सायकलीचे वय' म्हणजे कशाचे वय? टायर-ट्यूब काही वर्षांनी बदलतात. चेन, पायडल, सीट, ब्रेकचे रबर हेही बदलते. चाकाला मोठा मार बसला तर रिम बदलते, कधी सबंध चाक बदलते. पन्नास वर्षे रोज वापरलेल्या सायकलीत मूळचे भाग निम्मेही उरलेले नसतात. म्हणून प्रत्येक भाग फक्त स्वतःचे वय सांगतो, सायकलीचे नाही, हे पहिल्यांदा पक्के लक्षात ठेवायला हवे.

त्यातल्या त्यात फ्रेम हा भाग महत्त्वाचा. फ्रेमच्या नळ्या आणि त्यांना जोडणारे सांधे पितळेने झाळून एकजीव केलेले असतात. ते सहज बदलता येत नाहीत. म्हणून सायकलीचे वय म्हणजे तिच्या फ्रेमचे वय, असे आपण मानू. बाकीचे भाग हे साक्षीदार. साक्षीदार खरे बोलतात, पण ते त्या जागी केव्हा आले, हे आधी विचारावे लागते.

दोन मर्यादा

उत्खननात पुरातत्त्वज्ञांना एखाद्या थरात नाणे सापडते. त्या नाण्यावरचा राजा अमुक वर्षी गादीवर आला, हे माहीत असते. यावरून तो थर कोणत्या वर्षी तयार झाला हे कळत नाही. पण तो त्या वर्षाच्या आधी तयार झालेला नाही, हे नक्की कळते. ही झाली अलीकडची नव्हे, तर 'याआधीची नाही' अशी मर्यादा. त्या थरावर एखाद्या ज्ञात वर्षीच्या इमारतीचा पाया असेल, तर 'यानंतरची नाही' अशी दुसरी मर्यादा मिळते. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. जितके पुरावे वाढतील, तितके हे अंतर कमी होते.

सायकलीचेही असेच आहे. एखादी रचना, एखादा धातू, एखादे नाव ज्या वर्षी अस्तित्वात आले, त्याआधीची ती वस्तू असू शकत नाही. पहिली मर्यादा मिळवणे सोपे असते. दुसरी मिळवणे कठीण, कारण जुनी पद्धत बंद झाली तरी जुना माल दुकानात शिल्लक असतो आणि जुने साचे कारखान्यात वर्षानुवर्षे वापरले जातात.

आकार सांगतो तो काळ

सुरुवातीच्या सायकलींचा काळ त्यांच्या आकारावरून ओळखता येतो. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते; जमिनीला पायाने रेटा देत पुढे जायचे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल जोडले गेले. त्या चाकांना लोखंडी धावा असत आणि दगडी रस्त्यावर स्वाराची हाडे खिळखिळी होत.

पायडल थेट चाकाला जोडलेले असले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून उपाय नाही. म्हणून १८७० च्या दशकात पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आले. ५२ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.१५ मीटर पुढे जाते. त्या उंचीवरून तोंडावर पडण्याचा धोका अर्थातच मोठा होता.

यातून सुटका केली ती चेनने. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सायकल आणली. तिच्यात पायडल मधोमध आणि चेनने फिरणारे मागचे चाक अशी मांडणी होती. आजच्या साध्या सायकलीचे गणित करून पाहा. पुढे ४६ दाते, मागे १८ दाते, चाक २८ इंची. २८ ला ४६ ने गुणून १८ ने भागले की ७१.६ येतात. म्हणजे ही लहान चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात ७१.६ इंची चाकाइतकी, सुमारे ५.७ मीटर, पुढे जाते. तेवढ्या मोठ्या चाकावर कोणाला बसताही आले नसते!

यानंतर बदल भराभर झाले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर बनवला आणि काही वर्षांतच भरीव रबराचे टायर मागे पडले. १९०० च्या सुमारास फ्रीव्हील सर्वत्र आले. त्याआधी चाक फिरत असेपर्यंत पायडलही फिरतच राहायचे. टायरवर वरून दाबणारा चमच्यासारखा ब्रेक जाऊन रिमवर आतून दाबणारे दांड्यांचे ब्रेक आले. तुमच्यासमोरच्या सायकलीला भरीव टायर किंवा चमच्यासारखा ब्रेक असेल तर ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची असू शकते. पण महाराष्ट्रातल्या घरात अशी सायकल सापडणे फार दुर्मीळ.

खरी अडचण १९०० नंतरची

घराघरांत जी काळी सायकल सापडते, तिला इंग्लंडमध्ये 'रोडस्टर' म्हणत. दोन त्रिकोणांची फ्रेम, २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, कॉटर पिनने बसवलेले क्रँक. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही मांडणी स्थिर झाली आणि नंतर जवळजवळ बदललीच नाही. आजही भारतात दूधवाला, पाववाला जी सायकल वापरतो, ती तिचीच वारस आहे. टायरचे २८ गुणिले दीड इंच हे माप तेव्हाही होते आणि आजही आहे. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा ही इंग्लिश रीतही आपल्याकडे टिकून राहिली.

जीवाश्मांचा अभ्यास करणारे याला ओळखतील. काही प्राणी फार थोडा काळ जगतात आणि नाहीसे होतात. त्यांचा जीवाश्म सापडला की खडकाचे वय लगेच कळते. काही प्राणी मात्र कोट्यवधी वर्षे फारसे न बदलता राहतात; त्यांच्यावरून वय सांगता येत नाही. रोडस्टर ही दुसऱ्या प्रकारातली. "जुन्या पद्धतीची दिसते, म्हणून जुनी" हे अनुमान इथे साफ चुकते. १९३५ ची आणि १९७५ ची सायकल शेजारी ठेवली तर लांबून फरक कळणार नाही.

गंजावरूनही काही ठरवता येत नाही. गंज हे घड्याळ नव्हे. रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत दहा वर्षांत जेवढा गंज चढेल, तेवढा सोलापूरच्या कोरड्या हवेत कितीतरी अधिक काळाने चढेल. म्हणून आकार आणि गंज बाजूला ठेवून आता बारीक खुणांकडे वळायचे.

कोणी बनवली?

सगळ्यांची नजर पहिल्यांदा हँडलखालच्या नळीवरच्या धातूच्या बिल्ल्याकडे जाते. ते योग्यच आहे. पण बिल्ला दोन रिव्हेटांनी किंवा स्क्रूंनी बसवलेला असतो आणि तो बदलणे सर्वांत सोपे. जुन्या सायकलींना बाजारात किंमत येऊ लागल्यापासून असे बदल वाढले आहेत. म्हणून बिल्ल्याच्या बाजूला जास्तीची, बुजवलेली भोके नाहीत ना, हे पाहावे.

दुसरी जागा म्हणजे पायडलजवळचे मोठे दातेरी चक्र, चेनव्हील. इंग्लिश कारखान्यांनी या चक्राच्या मधल्या भागात आपली खूण कोरण्याची छान पद्धत पाडली होती. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या चक्रात बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याची आकृती असते. हा पक्षी कंपनीचा संस्थापक फ्रँक बाउडन याच्या कुलचिन्हातला. हंबरच्या चक्रात एकमेकांना जोडलेल्या पाच मानवाकृती दिसतात. रज-व्हिटवर्थच्या चक्रात पंजा असतो. बर्मिंगहॅमच्या बीएसएच्या चक्रात ती तीन अक्षरे, तर बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. बीएसए म्हणजे मुळात १८६१ मध्ये स्थापन झालेली बंदुका बनवणारी कंपनी. हंबरच्या पुढच्या चिमट्याला प्रत्येक बाजूस एकाऐवजी दोन-दोन बारीक नळ्या असत, ही आणखी एक खूण.

इथे एक सापळा आहे. बीएसए स्वतः सायकली बनवत असे, तसेच सायकलीचे सुटे भागही इतरांना विकत असे. अनेक लहान कारागीर हे भाग विकत घेऊन स्वतःच्या नावाने सायकली जोडत. त्यामुळे चक्रावर बीएसए लिहिलेले असले तर चक्र बीएसएचे आहे, एवढेच सिद्ध होते.

दुसरा सापळा नावांचा. कंपन्या विकल्या गेल्या, पण नावे चालत राहिली. रॅलेने १९३२ मध्ये हंबरचा आणि १९४३ मध्ये रजचा सायकल-व्यवसाय घेतला. १९५७ मध्ये बीएसएच्या सायकलीही रॅलेकडे गेल्या. म्हणजे १९५० ची हंबर सायकल ही नावाने हंबर, पण रॅले-समूहाची. स्वातंत्र्यानंतर याच नावांनी भारतातही प्रवास केला. १९१० मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या हर्क्युलिसच्या नावाने मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्सने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सायकली बनवल्या. बंगालमध्ये आसनसोल येथे सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. 'आमच्याकडे हर्क्युलिस आहे, म्हणजे ती इंग्लंडची' असे म्हणता येत नाही. बिल्ल्यावर बर्मिंगहॅम लिहिले आहे की मद्रास, हे वाचायला हवे. उलट, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची आणि लुधियान्याची हीरो १९५६ ची. त्यांच्या सायकली याआधीच्या असणे शक्य नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. तो स्वातंत्र्याआधीच सुरू झालेला असल्याने 'भारतीय बनावट म्हणजे १९४७ नंतरची' हेही गृहीत धरू नये.

आटे मोजून पाहा

नावापेक्षा अधिक खोलवरचा पुरावा हवा असेल तर आटे मोजावेत. हँडलखालची मोठी चाकी मिस्त्रीकडून सोडवून घेतली की चिमट्याच्या नळीवरचे आटे दिसतात. रॅलेच्या नॉटिंगहॅम येथील रोडस्टरवर एका इंचात २६ आटे असत. पुढे इंग्लंडमध्ये जे माप प्रमाण म्हणून सर्वत्र चालले, ते एका इंचात २४ आट्यांचे.

हा फरक साध्या मोजपट्टीने कळेल का? एक आटा २६ च्या मापात २५.४ भागिले २६, म्हणजे ०.९७७ मिलिमीटरचा. २४ च्या मापात तो १.०५८ मिलिमीटरचा. फरक ०.०८ मिलिमीटर, तो डोळ्याला दिसणे शक्य नाही. पण वीस आटे एकदम मोजले तर? एका मापात १९.५ आणि दुसऱ्यात २१.२ मिलिमीटर येतात. हा पावणेदोन मिलिमीटरच्या आसपासचा फरक शाळेतल्या पट्टीनेही कळतो. लहान राशी मोजायची तर ती अनेक पटींनी मोजून भागायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे कामाला येतो. मात्र वीस आटे मोजताना पहिल्या कडेपासून एकविसाव्या कडेपर्यंत मोजावे लागते. मुले इथे हमखास एकाने चुकतात. एका रांगेत वीस अंतरे हवी असतील तर खांब एकवीस लागतात, याची आठवण करून द्यावी.

आता निष्कर्ष. २६ आटे आढळले तर सायकल रॅलेची ठरली का? नाही. इतर काही जुन्या इंग्लिश सायकलींवरही हे माप आढळते. पण नॉटिंगहॅमच्या रॅलेचा बिल्ला लावलेल्या रोडस्टरवर २४ आटे आढळले, तर मात्र बिल्ल्याबद्दल किंवा चिमट्याबद्दल गंभीर शंका घ्यावी लागेल. एकच चाचणी एका बाजूने दुबळी आणि दुसऱ्या बाजूने बळकट असू शकते. विज्ञानात असे वारंवार घडते. पुरावा दाव्याशी जुळला म्हणजे दावा सिद्ध झाला असे नाही. तो फक्त बाद झाला नाही.

मुलामा काय सांगतो?

हँडल, क्रँक, रिम या भागांवर चकचकीत मुलामा असतो. सुरुवातीला तो निकेलचा असे. क्रोमियमचा मुलामा औद्योगिक प्रमाणावर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि १९३० च्या आसपास सायकलींवर दिसू लागला. निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार. ती हवेत हळूहळू मंदावते आणि पुन्हा घासावी लागते. क्रोमियमची चमक निळसर, थंड. क्रोमियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

म्हणजे मूळचे क्रोमियम असेल, तर तो भाग १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचा नाही. पण पाहताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्रोमियमचा थर एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो आणि तो बहुधा निकेलच्या थरावर चढवलेला असतो. हाताच्या घर्षणाने वरचे क्रोमियम झिजले की खालचे पिवळसर निकेल दिसते आणि सायकल उगीच जुनी वाटते. म्हणून झिजलेली जागा न पाहता ब्रेकच्या कड्याखाली किंवा सीटच्या नळीवर, जिथे हात लागत नाही, तिथे पाहावे. दुसरे, मुलामा नव्याने चढवता येतो. हँडल लखलखीत आणि बाकी सारे जुनाट, असे असेल तर तो मुलामा पुरावा म्हणून धरू नये.

दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५ या काळात, इंग्लंडमध्ये निकेल आणि क्रोमियम युद्धसामग्रीसाठी राखून ठेवले गेले. त्या वर्षांत हँडल, रिम, क्रँकसुद्धा काळ्या रंगाने रंगवलेल्या सायकली निघाल्या. सबंध काळी सायकल दिसली तर हा काळ मनात आणावा. मात्र पावसापाण्यात टिकाव्यात म्हणून सेल्युलॉइडने मढवलेली किंवा काळी रंगवलेली हँडले युद्धाआधीही मिळत. खूण एकटी पुरत नाही, ती दुसऱ्या खुणांशी जुळावी लागते.

अंक आणि अक्षरे

सायकलीवर ठोकलेला क्रमांक सापडला की बहुतेकांना वाटते, आता उत्तर मिळाले. हा क्रमांक सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला, मागच्या चाकाच्या आसाजवळ किंवा पायडलच्या धुऱ्याच्या कवचाखाली असतो. पण तो क्रमांक म्हणजे वर्ष नव्हे. कारखान्याच्या नोंदवह्या असतील तरच त्याचा अर्थ लागतो. बऱ्याच कंपन्यांच्या वह्या नष्ट झाल्या आहेत आणि काहींनी क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू केले होते. तरीही तो अचूक उतरवून घ्यावा. इंग्लंडमध्ये जुन्या सायकलींच्या अभ्यासकांची 'व्हेटरन-सायकल क्लब' ही संस्था १९५५ पासून आहे. अशा ठिकाणी हजारो क्रमांकांची तुलना झालेली असते.

काही भागांवर मात्र खरोखरच वर्ष ठोकलेले असते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२ पासून तीन गतींचे गिअर असलेले मागचे हब बनवले. 'ए डब्ल्यू' या त्यांच्या प्रसिद्ध हबच्या कवचावर वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. ५१ म्हणजे १९५१. आपल्याकडे बहुतेक सायकली बिनगिअरच्या होत्या, पण आयात केलेल्या काही रॅले सायकलींवर हे हब सापडते. सापडले तर तो मोठा ठेवाच.

ब्रिटिश पेटंटचा क्रमांक असेल तर तोही उपयोगी. १९१६ पर्यंत ब्रिटनमध्ये दर वर्षी पेटंटचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. त्या वर्षी १,००,००१ पासून सलग क्रमांक सुरू झाले. त्यामुळे सहा आकडी ब्रिटिश पेटंट क्रमांक दिसला की तो भाग १९१६ च्या आधीचा नाही. पेटंट मिळाल्यावर तो क्रमांक पुढे कितीतरी वर्षे ठोकला जात असल्याने ही फक्त 'याआधीची नाही' अशी मर्यादा आहे.

आता आपल्या मातीतले पुरावे पाहू. आपल्याकडे अनेक नगरपालिका सायकलीवर दरसाल कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून वर्ष घातलेला धातूचा बिल्ला देत. तो सायकलीला अडकवलेला किंवा घरातल्या जुन्या डब्यात सापडतो. बिल्ल्यावरच्या वर्षी ती सायकल त्या गावात होती, हे त्यावरून कळते. वर्ष पुसले असेल तरी नाव वाचावे. पुण्यात १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बिल्ल्यावर यांपैकी काय लिहिले आहे, यावरून तो कोणत्या बाजूचा हे ठरते. हा पुरावा मोलाचा, कारण दुर्मीळ अशी 'यानंतरची नाही' ही मर्यादा तोच देतो. मात्र बिल्ला याच सायकलीचा आहे, याची खात्री हवी.

विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले चित्र किंवा पट्टी फ्रेमवर असेल तर पत्ता नीट वाचावा. सहा आकडी पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधी 'मुंबई २' असे लिहीत, ते नंतर ४०० ००२ झाले. एखाद्या भागावर आय.एस.आय.ची खूण असेल तर तो भाग १९५२ च्या प्रमाणन कायद्यानंतरचा. खरेदीची पावती जपलेली असेल आणि तिच्यात आणे असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे दशमान नाणी येण्याच्या, आधीची.

एक उदाहरण सोडवू

समजा, पुण्यातल्या एका घरात २४ इंची काळी सायकल आहे. घरचे सांगतात, "आजोबांनी ही १९३२ साली घेतली." आपल्याला आढळते ते असे. बिल्ल्यावर रॅले, नॉटिंगहॅम. चेनव्हीलमध्ये पक्षी. चिमट्यावर वीस आट्यांचे माप साडेएकोणीस मिलिमीटर. ब्रेकच्या कड्याखाली निळसर क्रोमियम. मागच्या हबवर 'ए डब्ल्यू ५१'. सीटखाली तारेने बांधलेला पुणे महानगरपालिकेचा १९५३-५४ चा बिल्ला.

बिल्ला, चक्र आणि आटे एकमेकांशी जुळतात. तेव्हा ती नॉटिंगहॅमची रॅले असण्याची शक्यता चांगली आहे. क्रोमियम सांगते, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीची नाही. नगरपालिकेचा बिल्ला सांगतो, १९५४ नंतरची नाही. हब सांगते १९५१. मग आजोबांची १९३२ ची गोष्ट खोटी ठरली का?

घाई करू नये. हब मूळचे असेल, तर सायकल १९५१ ते १९५४ मधली आणि १९३२ बाद. हब नंतर बसवलेले असेल, तर फ्रेम १९३२ ची असू शकते. म्हणजे सगळा निवाडा एका प्रश्नावर येऊन ठेपतो : मागचे चाक मूळचे आहे का? आता नेमके काय पाहायचे ते कळले. पुढच्या आणि मागच्या रिमवरचे शिक्के एकच आहेत का? दोन्ही रिमांचा मुलामा सारखाच झिजला आहे का? तारा एकाच जाडीच्या आहेत का? दोन्ही चाके सर्व बाबतींत जुळी निघाली, तर ती बहुधा एकाच वेळी कारखान्यातून आली आणि पारडे १९५१ कडे झुकते. न जुळली, तर प्रश्न खुला राहतो.

आणि समजा, पारडे १९५१ कडे झुकले. तरी आजोबा खोटे बोलले असे होत नाही. त्यांनी १९३२ मध्ये एक सायकल घेतली असेल, ती विकून १९५१ नंतर दुसरी घेतली असेल आणि घरच्यांच्या आठवणीत दोन सायकलींची एक झाली असेल. माणसांच्या आठवणी अशाच असतात. धातूचा पुरावा आठवणीला खोडून काढण्यासाठी नसतो; कोणती आठवण कोणत्या वस्तूची, एवढे लावून देण्यासाठी असतो.

पुरावा पुसू नका

अशा सायकली आज दोन वाटांनी नाहीशा होत आहेत. एक भंगाराची; ती सर्वांना कळते. दुसरी वाट कौतुकाची आहे. हौसेने सायकल 'नवी' करायला देतात. जुना रंग सँडपेपरने खरवडला जातो, त्याबरोबर फ्रेमवरचे बारीक सोनेरी पट्टे, विक्रेत्याचे नाव, कधी क्रमांकसुद्धा जातो. मुलामा पुन्हा चढतो, जुन्या सुट्या भागांच्या जागी नवे येतात. सायकल सुंदर दिसते, पण तिला आता काहीच सांगता येत नाही. पुण्यात जुन्या सायकलींचे खासगी संग्रहालय उभे राहिले आहे. पण गावोगावच्या सायकली तिथे पोहोचणार नाहीत. त्यांची नोंद तरी आपण करू शकतो. शाळेसाठी हा उपक्रम असा घेता येईल.

१. सायकल पुसण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. साफ करायचे तर मऊ फडके आणि थोडे तेल, एवढेच. सँडपेपर नको.

२. ठोकलेल्या अक्षरांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलके घासावे. डोळ्याला न दिसणारे अंकही कागदावर उमटतात.

३. प्रत्येक भागासाठी एक ओळ असा तक्ता करावा. रकाने चार : काय दिसले, त्यावरून कोणती मर्यादा मिळते, हा भाग मूळचा असण्याची शक्यता किती, आणि हे कोणी तपासले.

४. 'दिसले' आणि 'वाटले' हे वेगळे लिहावे. "पिवळसर मुलामा" हे निरीक्षण. "निकेलचा मुलामा" हे अनुमान.

५. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, वेगळ्या कागदावर उतरवावे. ते तक्त्यात मिसळू नये, टाकूनही देऊ नये.

६. दोन गटांनी एकमेकांचे तक्ते न पाहता तीच सायकल तपासावी आणि मग तुलना करावी.

शेवटी सायकलीजवळ लावायची चिठ्ठी लिहावी. 'शंभर वर्षांची दुर्मीळ सायकल' असे लिहिण्याचा मोह होईल. त्याऐवजी पुढच्यासारखी चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी : "रॅले, नॉटिंगहॅम. बहुधा १९५१ ते १९५४ मधील. आधार : मागच्या हबवरील वर्ष, नगरपालिकेचा बिल्ला, दोन्ही चाके जुळणारी. मागचे चाक नंतर बदललेले असल्यास फ्रेम याहून जुनी असू शकते. घरच्यांच्या सांगण्यानुसार खरेदी १९३२." या पाच ओळींत काय माहीत आहे, कशावरून माहीत आहे आणि कुठे चूक असू शकते, हे तिन्ही आले. पुढे कोणाला पावती सापडली, तर ही चिठ्ठी त्याला दुरुस्तही करता येईल.